१ ते ३ मे दरम्यान क्राकोवला गेलो तर सगळं बंद असेल का?

जा बिनधास्त, बंद असतात ती दुकानं, शहर नव्हे. पोलंडमध्ये १ मे (कामगार दिन) आणि ३ मे (१७९१ च्या राज्यघटनेचा दिवस) या सरकारी सुट्ट्या. त्या दिवशी सुपरमार्केट आणि मॉल कायद्यानेच बंद ठेवावे लागतात. मालक स्वतः गल्ल्यावर बसलेली छोटी दुकानं आणि पेट्रोल पंप मात्र चालू असू शकतात. मधला २ मे हा ध्वजदिन, पण सुट्टी नाही, त्यामुळे तो रविवारी येत नसेल तर दूध-पाव-फळं तेव्हाच भरून ठेवा. हॉटेलं उघडी असतात, ट्राम सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात. पोटाला आधार म्हणून रस्त्यावरच्या गाडीवरचं ओबवाझानेक घ्या: पावाचं पीळदार गोल कडं, वर खसखस नाहीतर तीळ.

खरी अडचण गर्दीची. या जोडसुट्टीला पोलिश लोक 'मायुव्का' म्हणतात आणि अर्धा देश फिरायला निघतो. रेल्वेचं आरक्षण आणि व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीचं तिकीट आधीच काढा. झाकोपाने या डोंगरातल्या पर्यटनगावी गाडीने जायचा बेत असेल तर तो सरळ रद्द करा, त्या रस्त्यावर तासन्‌तास अडकाल.

फक्त वावेल किल्ला आणि संग्रहालयांच्या वेळा सुट्टीत बदलतात, त्या त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच निघा.