एकच गाव घे

अगं, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला होता. लगेच उत्तर दिलं नाही कारण रागात काहीतरी लिहिलं गेलं असतं. सकाळी चहा घेताना परत वाचला. आई वसईहून बारा दिवसांसाठी इथे मनिलाला येतेय, तुझ्या शिफ्टमुळे पूर्ण मोकळा असा एकच रविवार मिळतोय, आणि त्या एका रविवारात तू इथल्या, फिलिपिन्सच्या लागुना प्रांतातली सात गावं बसवलीयस. कालाम्बा, लोस बान्योस, पाग्सान्हान, लुम्बान, पाएते, नाग्कार्लान, लिलिव. प्रत्येकाला पंचेचाळीस मिनिटं. आणि खाली विचारलंयस, काका, यात ताआल पण बसवता येईल का?

नाही येणार. ताआल बातांगासमध्ये, प्रांत वेगळा, रस्ता वेगळा. पण ते सोड. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी या पत्रात चारदा तरी लिहिणार आहे: एकच गाव घे. सहा गावं खोड.

तुला वाटेल काका म्हातारे झाले, आता फिरणं होत नाही म्हणून असं बोलतायत. तसं नाहीये. २००९ साली मी हेच केलंय, तुझ्यासारखीच यादी करून, फक्त माझी कागदावर होती. माझे वडील, अण्णा, पहिल्यांदाच देशाबाहेर आले होते. कुडाळला चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस, दारं, देव्हारे, दोन-तीन गावांच्या पालख्या त्यांच्या हातच्या. मनिलातल्या मॉलमध्ये त्यांना काही गोडी वाटेना म्हणून मी एक दिवसाची हेरिटेज टूर काढली. कालाम्बाला रिझालचं घर दाखवलं, हा त्यांचा टिळकांसारखा मोठा माणूस, १८६१ चा जन्म, १८९६ ला स्पॅनिश लोकांनी गोळ्या घातल्या, असं सगळं मीच घाईघाईत सांगितलं. अण्णा मान हलवत होते. मग पाग्सान्हानची दगडी कमान, फोटो, गाडीत. मग पाएते.

पाएते म्हणजे लाकूड कोरणाऱ्यांचं गाव. नावच मुळात पाएत या शब्दावरून पडलं म्हणतात, आणि इथल्या तागालोग भाषेत पाएत म्हणजे पटाशी. हे मी अण्णांना सांगितलं तर ते थांबलेच रस्त्यात, म्हणाले गावाचं नाव पटाशी? एका घराच्या पुढच्या पडवीत एक म्हातारा बसला होता, ठेंगण्या स्टुलावर, पायात लाकूड धरून कुठल्यातरी संताचा हात कोरत. अण्णांनी चप्पल काढली, विचारलं पण नाही कोणाला, आणि त्याच्यासमोर खाली बसले. मला म्हणाले, "मी हय वायच बसतंय."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्या माणसाला मालवणी कुठून येणार. त्याने पटाशी पुढे केली, अण्णांनी धार अंगठ्याच्या नखावर बघितली, हसले. मग त्याने लाकडाचा तुकडा दिला, बाटिकुलिंग म्हणतात त्याला, मऊ पिवळसर लाकूड, मूर्तीसाठी तेच वापरायची जुनी पद्धत. अण्णांनी त्याचा वास घेतला, रेषा बघितल्या, उलटा धरला. आणि मी मागे उभा राहून घड्याळ बघत होतो. वीस मिनिटं झाली तसं म्हटलं, अण्णा चला, अजून नाग्कार्लानचं भुयारी स्मशान राहिलंय, ते बंद व्हायच्या आत पोचायचंय, आणि लिलिवच्या चपला घ्यायच्यात. ते उठले. काही बोलले नाहीत, तक्रार करायचा स्वभावच नव्हता. नाग्कार्लानला पोचलो तेव्हा गाडीतून उतरले नाहीत, तू बघून ये म्हणाले.

मी वाईट मुलगा नव्हतो गं. व्हॅन तासावर ठरवलेली होती, तास वाढला की पैसे वाढत होते आणि तेव्हा माझा पगार असा काही मोठा नव्हता. सुट्टी मिळायला महिनाभर हातापाया पडलो होतो. आणि मनात एकच की हा माणूस परत कधी इथे येणार, तर जमेल तेवढं सगळं दाखवून टाकू. यात चुकीचं काय होतं सांग? मी आजही स्वतःला हेच सांगतो. पण नंतर कुडाळला गेलो तेव्हा शेजारचे कोणी विचारायचे, फिलिपिन्सला काय बघितलंत, तर अण्णा एवढंच सांगायचे, तिकडे एक सुतार भेटला होता. रिझाल नाही, कमान नाही, प्रांताचं नावसुद्धा नाही. २०११ मध्ये गेले ते. त्या सुताराकडे मी त्यांना वीस मिनिटं दिली आणि स्मशान बघायला तासभर ठेवला होता.

म्हणून म्हणतो, एकच गाव.

आता तुझ्या दुसऱ्या वाक्याकडे येतो, त्याने मला जास्त त्रास झाला. आईला चर्चमध्ये काय इंटरेस्ट असणार, असं तू लिहिलंयस. तू विचारलंस का आईला? की तूच ठरवलंस? तुझी आई वसईची आहे. चर्चच्या घंटा ऐकत तिचं आयुष्य गेलंय. आणि वसईतच जन्मलेला गोन्सालो गार्सिया इथे मनिलात येऊन फ्रान्सिस्कन पंथाचा ख्रिस्ती साधू झाला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला, ही गोष्ट तिने तुझ्याआधी ऐकली असेल. लागुनातल्या यातल्या बऱ्याच गावांत जुनी चर्च उभी केली ती याच फ्रान्सिस्कन लोकांनी. पाएतेच्या चर्चमध्ये होसे लुसियानो दान्स या चित्रकाराने १८५० मध्ये लाकडावर रंगवलेलं मोठं चित्र आहे, वर स्वर्ग, मध्ये पृथ्वी, खाली नरक. यमपुरीची चित्रं बघत मोठी झालेली बाई त्या चित्रासमोर किती वेळ उभी राहील हे तुला मला आधी कळणार नाही. ते तिच्यावर सोड.

तू मागे म्हणाली होतीस की आई तीस वर्षं घरी ब्लाउज शिवते. मग यादीत लुम्बान आहे त्याचं काय केलंयस, पंचेचाळीस मिनिटं! लुम्बान म्हणजे भरतकामाचं गाव गं. बारोंग तागालोग, म्हणजे इथल्या पुरुषांचा समारंभाचा सदरा, त्यावरचं काम तिथे हाताने होतं, कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवतात, काही ठिकाणी तर कापडाचे धागेच मोजून ओढून काढतात आणि उरलेल्यांची जाळी विणतात, कालादो म्हणतात त्याला. अननसाच्या पानाच्या तंतूंचं कापडसुद्धा आई तिथे हातात घेऊन बघेल. ज्या बाईने तीस वर्षं सुईत दोरा ओवलाय तिला तिथून पंचेचाळीस मिनिटांत उठवशील तू?

मला विचारशील तर माझं मन पाएतेवर आहे, पण ते माझ्या अण्णांचं गाव आहे, तुझ्या आईचं कदाचित लुम्बान असेल. तिला दोन्हीबद्दल सांग, फोटो दाखव, आणि ती म्हणेल तिथे जा. ती म्हणणार, तुला बरं वाटेल तिथे जाऊ. सगळ्या आया हेच म्हणतात. तेवढ्यावर थांबू नकोस, परत विचार. आणि लुम्बान-पाएते जवळजवळ आहेत, एकाच रस्त्यावर आहेत, तर दोन्ही करू असं आत्ता तुझ्या मनात आलं ना? ओळखतो मी तुला. नको. एकच गाव.

बाकीचं थोडक्यात. पहाटे पाचला निघा, नंतर एक्सप्रेसवेला आणि पुढे लोस बान्योसपर्यंत गर्दीच गर्दी. रविवार आहे, चर्चमध्ये मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा, कोणी काही म्हणत नाही. तिथली पोरं आईचा हात धरून कपाळाला लावतील, मानो म्हणतात त्याला, आपला वाकून नमस्कार तसंच; आईला आधी सांगून ठेव नाहीतर ती दचकेल. सगळे तिला नानाय म्हणतील, म्हणजे आईच. पोळ्या आणि चटणी घरून घे, तिथे म्हशीच्या दुधाचं केसोंग पुती केळीच्या पानात बांधून मिळतं, पनीरसारखं, त्याबरोबर छान लागतं.

कालाम्बाला उतरू नका, पण गाडीतून जाताना एक गोष्ट आईला सांग. रिझाल लहान असताना त्याच्या आईवर, तेओदोरा आलोन्सोवर, खोटा आरोप ठेवून तिला कालाम्बापासून सांताक्रूझपर्यंत पायी चालवत नेलं, जवळपास पन्नास किलोमीटर, आणि अडीच वर्षं तुरुंगात ठेवलं. तुम्ही त्याच बाजूने, लागुना दे बे या मोठ्या तळ्याच्या काठाकाठाने जाणार आहात. सांग आणि गप्प बस. मग ती काय बोलते ते ऐक, मध्ये गूगल काढू नकोस.

व्हॅनवाल्याशी दिवसभराचं ठरव, तासावर अजिबात नको, थोडे जास्त पेसो गेले तरी चालतील, कमी पडले तर मला सांग. आणि आईचे गुडघे दुखतात म्हणालीस, तिला जमिनीवर बसवणार नाही. माझ्याकडे एक घडीचं छोटं स्टूल आहे, ते सोबत ने. शनिवारी शिफ्ट संपली की येऊन घेऊन जा, मी घरीच आहे.