कायोवा चित्रकार शॅरन आटोन हार्जो यांची चित्रं जुन्या पुरुषी लेजर (हिशेबाच्या वहीवरच्या) चित्रांसारखीच दिसतात, मग त्यात नवं काय?

दिसतात तशी, पण चितारणारा हात बाईचा आहे. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

कायोवा ही अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशातली, आज मुख्यतः ओक्लाहोमात राहणारी जमात. त्यांच्यात कामाची जुनी वाटणी होती: माणसं, घोडे, लढाया पुरुषांनी रंगवायच्या, बायकांनी कातड्यावर भौमितिक नक्षी काढायची आणि मणीकाम करायचं. 1875 ते 1878 या काळात फ्लोरिडातल्या फोर्ट मॅरियनमध्ये कैदेत असलेल्या योद्ध्यांनी हिशेबाच्या वह्यांवर चित्रं काढली, ती काढणारेही पुरुषच. 1920 च्या दशकात लोईस स्मोकी ही एकटी मुलगी कायोवा तरुणांसोबत ओक्लाहोमा विद्यापीठात चित्रकला शिकली, पण लवकरच तिथून बाहेर पडली. पुढे कितीतरी वर्षं त्या गटाला 'कायोवा फाइव्ह' म्हणत आणि त्यात तिचं नाव बरेचदा नसे. हे मला फार लागतं.

1945 साली जन्मलेल्या हार्जोंनी तीच सपाट रंगांची, मोकळ्या पार्श्वभूमीची शैली उचलली.

अशा चित्रांत चेहऱ्यापेक्षा कपडे जास्त बोलतात, म्हणून आधी पोशाख बघा. बाईच्या झग्यावर पांढरट ठिपक्यांच्या रांगा असतील तर ते बहुधा एल्क हरणाचे दात. एका एल्कला असे हस्तिदंती दात दोनच असतात. त्यावरून झगाभर दातांमागे किती शिकार आणि घराण्याची किती ऐपत असेल, याचा हिशेब करा.