ग्रेट ऑर्मवरच्या काश्मिरी शेळ्या

प्रश्न : २०२० च्या टाळेबंदीत वेल्समधील लँडिडनो या गावाच्या रस्त्यांवर लांब शिंगांच्या पांढऱ्या शेळ्या हिंडत असल्याची छायाचित्रे पाहिली होती. त्या काश्मिरी वाणाच्या आहेत, हे खरे आहे काय? आणि त्या ज्या टेकडीवरून उतरल्या, ती कशी आहे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : होय, त्यांचे मूळ काश्मिरीच. पश्मिन्याच्या लोकरीसाठी हा वाण ब्रिटनमध्ये नेण्यात आला होता आणि विंडसरच्या राजकळपातील एक जोडी एकोणिसाव्या शतकात लँडिडनोचे जमीनदार लॉर्ड मॉस्टिन यांच्याकडे आली. पुढे ही जनावरे ग्रेट ऑर्म टेकडीवर मोकळी झाली व रानटी बनली.

टेकडीची उंची अवघी २०७ मीटर. परंतु ती थेट समुद्रातून उठत असल्यामुळे यातला एकेक मीटर डोळ्यांना दिसतो. ती चुनखडीची आहे. माथ्यावर काही ठिकाणी या खडकाची उघडी फरसबंदी आहे आणि पावसाच्या पाण्याने झिजलेल्या तिच्या भेगांतून, वाऱ्यापासून आडोसा मिळालेले नेचे डोकावतात. याच खडकाचा काही भाग मऊ पडल्यामुळे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या खाणकामगारांना हाडांच्या हत्यारांनी तांब्याचे खनिज उकरता आले. त्यांचे काही बोगदे इतके अरुंद आहेत की त्यांत लहान मुलेच शिरत असावीत. १९८७ मध्ये वाहनतळाच्या तयारीसाठी केलेल्या पाहणीतून या खाणींचे प्राचीनत्व उघड झाले, हे विशेष.

मात्र टेकडीचे खरे वैभव तिच्या आखूड गवतात आहे आणि ते टिकते चराईमुळे. इथल्या ‘सिल्व्हर-स्टडेड ब्लू’ या फुलपाखराचा स्थानिक प्रकार इतरांपेक्षा लहान असतो, व त्याला असेच उबदार, मोकळे गवत लागते. आता, शेळी पाला ओरबाडते आणि मेंढी गवत खुडते, हे आपल्याकडच्या मेंढपाळांना सांगायला नको. झुडपे आटोक्यात ठेवण्याच्या कामी शेळी उपयोगी पडते खरी. पण जगात फक्त याच टेकडीवर रानात वाढणारे कोटोनिअॅस्टरचे एक दुर्मीळ झुडूपही तिच्या तोंडी लागते. त्यामुळे केवळ शेळ्यांच्या भरवशावर राहता येत नाही. २०१५ मध्ये नॅशनल ट्रस्ट या निसर्ग व वारसा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेने माथ्यावरची शेतजमीन विकत घेतली आणि पुढल्या वर्षी ती वार्षिक एक पौंड खंडाने देऊ केली. मेंढ्या मात्र गवत आणि फुले जपली जातील अशा बेताने चारायच्या, ही त्यातली अट होती.