वाचकांचे प्रश्न : दाट प्लाझ्मा आणि सूक्ष्मलहरी

प्रश्न : प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तप्त वायू, फार दाट झाला की सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) त्यात शिरत नाहीत, असे वाचले. मग अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवू पाहणाऱ्या संलयन यंत्रात तो तापवतात कसा?

उत्तर : तुम्ही वाचलेले खरे आहे. ७० गिगाहर्ट्झची लहर घन सेंटिमीटरमागे सुमारे ६० लाख कोटी इलेक्ट्रॉन असलेल्या थरापर्यंतच पोचते आणि तिथून परत फिरते. वारंवारता दुप्पट केल्यास ही मर्यादा चौपट होते खरी, पण अनुनाद साधण्यासाठी, म्हणजे लहरीची वारंवारता इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय क्षेत्रातील फिरण्याशी जुळवण्यासाठी, चुंबकीय क्षेत्रही दुप्पट करावे लागते.

याहून देखणी वाट भौतिकशास्त्रज्ञ आयरा बर्नस्टाइन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या लहरींची आहे. त्यांना घनतेची मर्यादा अडवत नाही. मात्र त्या प्लाझ्माबाहेर अस्तित्वातच राहत नसल्यामुळे आतच घडवाव्या लागतात. त्यासाठी साधी लहर चुंबकीय क्षेत्राशी नेमक्या तिरप्या कोनात सोडतात. अडथळ्याच्या थरात तिचे रूप बदलते, ती किंचित बाहेर वळते आणि तिथल्या अनुनादी थरात बर्नस्टाइन लहर बनून गाभ्याकडे निघते, जिथे इलेक्ट्रॉन तिची ऊर्जा शोषून घेतात. जर्मनीतील गार्चिंग येथे वेंडेलस्टाइन ७-एएस या स्टेलरेटरवर (पिळदार चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणाऱ्या यंत्रावर) १९९०च्या दशकात हे प्रत्यक्ष करून दाखवण्यात आले. कोन थोडा चुकला किंवा कडेची घनता हेलकावत राहिली, तर मात्र बरीचशी ऊर्जा रूपांतर न होताच भिंतीकडे परतते.