बाप्तिस्म्यानंतरचे पहिले दिवस
बाळा, उत्साह आहे, छानच आहे. पण पहिल्याच आठवड्यात गायन मंडळ, संडे स्कूल, उपासप्रार्थना, सगळीकडे नाव देऊन बसू नकोस. मी तेच केलं होतं. दोन-तीन महिन्यांत दम संपला आणि उशिरा येऊन मागच्या बाकावर बसू लागलो. मग पाळकसाहेबांनी सतरंज्या घालायचं काम दिलं. रागच आला होता! पण त्यानेच टिकलो.

पंडिता रमाबाईंकडे बघ. केडगावला निराधार बायकामुलींसाठीच्या मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळत हिब्रू-ग्रीकचा अभ्यास केला, आणि १९२२ साली प्रभूकडे जाईपर्यंत मराठी बायबलच्या भाषांतराला चिकटून राहिल्या.

बायबलमधलं रोमकरांस पत्र, बारावा अध्याय, अकरावं वचन काढ. उत्सुकतेच्या शेजारीच सेवा आहे, पुढच्या वचनात धीर. रविवारी साडेआठला ये, सतरंज्या झटकायच्यात.