पर्यटन घेऊ की आंतरराष्ट्रीय व्यापार?

प्रश्न : मी अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. परदेशी पर्यटन आणि व्यापाराचा खुलेपणा यांच्या नात्यावर प्रकल्प केला. दोन्ही आकडे बरोबरीने वाढताना दिसले, विषय आवडला. पुढे पर्यटन व्यवस्थापन घेऊ की आंतरराष्ट्रीय व्यापार? घरचे म्हणतात, पर्यटन म्हणजे हॉटेलातली नोकरी.

उत्तर : हॉटेलातल्या नोकरीत कमीपणा काहीच नाही, पण तुला आकड्यांनी पकडलंय असं पत्रावरून वाटतं. आणि आकड्यांच्या बाजूने पाहिलं तर हे दोन वेगळे रस्ते नाहीतच. परदेशी पाहुणा हॉटेलचं बिल भरतो, तेव्हा देशाच्या व्यवहारतोलात, म्हणजे परदेशांशी झालेल्या देवघेवीच्या हिशेबात, ती सेवांची निर्यात म्हणून नोंदली जाते. माल बंदरातून बाहेर जाण्याऐवजी गिऱ्हाईकच दारात येतं, एवढंच. सेवांच्या व्यापाराचा 1995 पासून लागू असलेला गॅट्स करारही परदेशात जाऊन सेवा घेण्याला व्यापारच मानतो.

आता तुझा प्रकल्प. खुलेपणा कसा मोजलास? निर्यात अधिक आयात, भागिले जीडीपी, असंच ना? त्यात सेवा धरल्या असतील, तर पर्यटनाची कमाई आधीच आत बसलीय. म्हणजे एक आकडा तू त्याच्याच तुकड्याशी ताडून पाहिलास! फक्त मालाचा व्यापार घेऊन पुन्हा मोज.

देशाचा आकारही विसरू नकोस. सिंगापूरचं हे गुणोत्तर 300 टक्क्यांच्या वर जातं, अमेरिकेचं 25च्या आसपास राहतं. अमेरिकेने दारं लावून घेतलीत असं नाही, तिची घरचीच बाजारपेठ अवाढव्य आहे.

एवढं करून नातं उरलं, तर खरी गंमत पुढे आहे. कोण कोणाला ओढतं? व्यापारी आधी येतात, विमानसेवा वाढते, मागून पर्यटक येतात. उलटही घडतं, सुट्टीत चाखलेली वाइन माणूस घरी परतल्यावर दुकानात शोधतो. शिवाय मालदीवसारख्या बेटांवर पाहुण्यांच्या ताटातलं बहुतेक सगळं बाहेरून येतं, म्हणजे पर्यटक वाढले की आयातही वाढते. आधी कोण हललं हे बघायला ग्रेंजर चाचणी आहे. पण आधी घडलं म्हणून त्याच्यामुळेच घडलं, असं ती सिद्ध करत नाही. मुलाखतीत पोरं नेमकी इथे घसरतात.

म्हणून माझा कौल आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राला, तेही अर्थमिती (संख्याशास्त्राने अर्थव्यवहार तपासणं) आणि टाइम सिरीज (काळानुसार बदलत्या आकड्यांचा अभ्यास) नीट शिकवणाऱ्या ठिकाणी. पर्यटन हा प्रबंधाचा विषय ठेव. केंद्रीय बँका, सांख्यिकी खाती, मागणीचे अंदाज बांधणाऱ्या विमान कंपन्या, सगळीकडे हे कौशल्य चालतं.

अर्ज भरण्याआधी तो मालाचा हिशेब मात्र करून बघ. दोन दिवस त्यात कसे गेले कळलं नाही, तर प्रश्नच मिटला. तिसऱ्या तासाला विमानाची तिकिटं शोधायला लागलीस, तर खुशाल पर्यटन व्यवस्थापनाला जा. घरच्यांशी मी बोलेन.