जुन्या अमेरिकन विज्ञान मासिकांतली ती गॅजेट्स खरंच मिळायची का?

अर्धी मिळायची, अर्धी नुसती कव्हरवरच राहिली.

'पॉप्युलर मेकॅनिक्स'चं फेब्रुवारी १९५१ चं कव्हर बघा, एक गृहस्थ आपलं छोटं हेलिकॉप्टर घराच्या गॅरेजमध्ये ढकलत नेतोय, जसं काही स्कूटरच लावतोय! ते काही झालं नाही. पण १९५४ चा रिजन्सी टीआर-१ हा खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ मात्र खराखुरा विकला गेला, ४९.९५ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या मानाने महागच, आणि आत ट्रान्झिस्टर फक्त चार.

माझा फेवरेट म्हणजे झेनिथ कंपनीचा फ्लॅश-मॅटिक, १९५५ चा. हा टीव्हीचा बिनवायरचा रिमोट, दिसायला बंदुकीसारखा, टीव्हीच्या चार कोपऱ्यांत फोटोसेल, म्हणजे प्रकाश ओळखणारे सेन्सर, असायचे आणि त्यांच्यावर प्रकाशाचा झोत मारायचा, एका कोपऱ्यावर मारला की आवाज बंद, दुसऱ्यावर मारला की चॅनल बदलणार. गंमत अशी की खिडकीतून ऊन आलं तरी टीव्ही आपोआप चॅनल बदलायला लागायचा 😄 म्हणून पुढच्याच वर्षी त्यांनी अल्ट्रासाउंडवाला, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजावर चालणारा रिमोट काढला.

आणि मागच्या पानांवरच्या बारीक जाहिराती अजिबात सोडू नका, खरा माल तिथेच आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्याकडे उरलेल्या लेन्स आणि प्रिझम एडमंड नावाची कंपनी पोस्टाने विकायची, त्यातून कित्येक पोरांनी घरी दुर्बिणी बनवल्या. शेजारच्याच जाहिरातीत बॉडीबिल्डर चार्ल्स अॅटलस बॉडी बनवून द्यायला बसलेला.

जुने अंक गुगल बुक्सवर फुकट आहेत, चाळायला बसलात तर रात्र गेलीच म्हणून समजा.